हाताखालचा डाग

दादाच्या गिटारवर एक डाग होता. वाजवताना उजव्या हाताचा कोपराखालचा भाग जिथे टेकतो, तिथे तळहाताएवढा रंग उडालेला, कडेने पापुद्रे सुटलेले आणि आत पिवळसर लाकूड. बाकी गिटार काळीभोर. लहानपणी मला तो डाग म्हणजे दादाचं सर्टिफिकेट वाटायचा. २००९ ते २०१३ तो सांगलीला इंजिनिअरिंगला होता आणि कॉलेजच्या बँडमध्ये वाजवायचा. सुट्टीत कराडला आला की रात्री ॲम्प न लावताच वाजवत बसायचा, कारण आई झोपलेली असायची. पुढे नोकरी, लग्न, फ्लॅटचे हप्ते. गिटार माळ्यावर गेली. मागच्या वर्षी मी ती पुण्याला घेऊन आलो, रंग काढायला बसलो, आणि सगळ्यात आधी नेमका तो डागच घासून टाकला.

मुद्दाम नाही. जिथे रंग आधीच सुटलाय तिथून सुरुवात करावी, एवढा साधा हिशोब होता. तारा उतरवल्या, चार स्क्रू काढून नेक वेगळी केली, वायरिंगचे फोटो काढून ठेवले, हीट गन धरली. रंग तापून मऊ झाला की खालून पातळ पातं सरकवायचं. कवचासारखे जाड तुकडे निघत होते. मग १२० नंबरचा पॉलिश पेपर. दहा मिनिटांनी लांब होऊन पाहिलं तर तिथे कोरं, सपाट, गुळगुळीत लाकूड. डागाची कड कुठून कुठे जात होती हेसुद्धा सांगता येईना. कोड असता तर आदल्या व्हर्जनवर परत गेलो असतो.

यातला विनोद असा, की मला ती गिटार जुनी दिसायला हवी होती. माझा बेत ठरलेला होता: जुना रंग काढायचा, नवा लाल रंग द्यायचा, आणि मग तो नवा रंग ठरावीक जागी घासून गिटार साठ वर्षं वाजवलेली दिसेल असं करायचं. म्हणजे खोटा डाग पाडता यावा म्हणून मी खरा डाग काढला होता.

हा बेत काही माझ्या डोक्यातून आलेला नव्हता. १९९५ साली फेंडर या अमेरिकन कंपनीच्या कस्टम शॉपने 'रेलिक' नावाखाली अशा गिटार विकायला काढल्या, ज्या कालच तयार झाल्यात पण दिसतात पन्नासच्या दशकातल्या. रंग घासलेला, कडांना टोचे, स्क्रूंना गंज, प्लास्टिक चहात बुडवल्यासारखं पिवळं. पुढे त्यात प्रतवारीही आली. 'एनओएस', म्हणजे जुनी पण जणू दुकानातून बाहेरच न पडलेली. 'क्लोझेट क्लासिक', म्हणजे कुणीतरी घेतली, थोडी वाजवली आणि कपाटात ठेवून विसरून गेलं. आपल्याकडे तिला 'माळा क्लासिक' म्हणावं लागेल. मग 'रेलिक', आणि त्याच्यापुढे 'हेवी रेलिक'. एखाद्या माणसाचं अख्खं आयुष्य मेन्यूकार्डवर मांडावं तसं हे प्रकरण आहे: तुम्हाला किती सोसलेलं हवंय, ते सांगा.

याची टिंगल करणं सोपं आहे. फाटक्या जीन्सची उपमा कुणीही देतं. मला ती पुरेशी वाटत नाही, कारण रेलिकच्या बाजूने एक प्रामाणिक मुद्दा आहे. नेकच्या मागचा चकचकीत थर घासला गेलेला असेल तर अंगठा चिकटत नाही, हात वरखाली सहज सरकतो. ती झीज वाजवणाऱ्याच्या कामाची आहे. पण हाताखालचा तो उडालेला रंग? त्याने हाताला काहीच वेगळं वाटत नाही. वाजवताना तर तो भाग हाताखाली झाकलेलाच असतो. तो वाजवणाऱ्यासाठी नाहीच, तो समोरच्यासाठी आहे. त्याच्यावर काहीतरी लिहिलेलं आहे असं आपण धरून चालतो: हा माणूस खूप वाजवतो, हा माणूस खरा आहे.

त्या डागाचा मूळ ग्रंथ म्हणजे रॉरी गॅलाहरची गिटार. आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात १९६३ साली पंधरा वर्षांच्या रॉरीने १९६१ची एक सेकंडहँड स्ट्रॅटोकास्टर १०० पौंडांना उधारीवर घेतली. तेव्हा ती सनबर्स्ट होती, म्हणजे मध्ये मधासारखी पिवळट आणि कडांकडे काळपट होत जाणारी. रॉरीने ती आयुष्यभर वाजवली. एकदा चोरीला गेली आणि खंदकात पावसात भिजत पडलेली सापडली. शेवटी तिच्यावर रंगापेक्षा लाकूडच जास्त दिसायचं. १९९५च्या जूनमध्ये रॉरी गेला. त्याच वर्षी रेलिक बाजारात आल्या होत्या. १९९७ साली कस्टम शॉपने रॉरीच्या गिटारची प्रत काढली, उडालेल्या रंगाच्या नकाशासकट. आणि २०२४च्या ऑक्टोबरमध्ये मूळ गिटार लंडनला बॉनम्सच्या लिलावात ८ लाख ८९ हजार ४०० पौंडांना गेली. ती आता आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाची आहे.

दादाचा डाग माझ्या मनात याच जातीचा होता. म्हणून तो गेल्यावर मला खरंच वाईट वाटलं. दोन दिवस मी गिटारला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी कबुली द्यायला दादाला व्हिडिओ कॉल केला.

"दादा, तुझा तो डाग गेला रे. हाताखालचा. मी घासला."

"कुठला डाग?"

मी लाकूड कॅमेऱ्यासमोर धरलं. तो थोडा वेळ बघत राहिला आणि हसायला लागला.

"अरे, ते क्रीम होतं. डासांचं. होस्टेलला एवढे डास होते की हाताला थापून बसायचो. मग गिटारला हात चिकटायचा. एकदा उचलला तर रंगच हाताबरोबर आला. फर्स्ट इयरला असताना. तेव्हा मला नीट तीन कॉर्डसुद्धा येत नव्हत्या."

डास पळवणाऱ्या काही क्रीममधली रसायनं प्लास्टिक आणि वॉर्निश मऊ करतात. म्हणजे ज्याला मी इतकी वर्षं रियाजाचा पुरावा समजत होतो, तो रियाज सुरू होण्याआधीचा होता.

या फोननंतर मी रॉरीच्या गिटारबद्दल जे जे वाचलं होतं ते आठवून पाहिलं, आणि लक्षात आलं की तिथेही आपण हेच करत आलो आहोत. त्याचा घाम वेगळाच होता, त्याने रंग विरघळायचा, रक्तगट दुर्मिळ होता, अशा कथा चाहते सांगत असतात. कथा गोड आहे: माणूस इतका झिजला की लाकूडही झिजलं. पण साठच्या दशकातला तो रंग नायट्रोसेल्युलोजचा पातळ थर होता. घाम, ऊन, थंडी, खंदकातला पाऊस, हे सगळं त्याला लागत गेलं. यातलं रॉरीचं कौशल्य किती आणि आयर्लंडचं हवामान किती, हे डाग सांगू शकत नाही. रॉरी थोर होता की नाही हे ठरवायला 'आयरिश टूर ७४' हा अल्बम आहे. तो डोळे मिटून ऐकता येतो.

साहित्यातही आपण हे करतो, मला वाटतं. लेखकाने किती हाल काढले हे आधी वाचायचं आणि मग त्याचं पुस्तक त्या प्रकाशात खरं मानायचं. हाल काढलेले वाईट लेखक भरपूर असतात. पण तो वेगळा विषय.

रेलिकवर माझा आक्षेप आधी असा होता की ती खोटी आहे. आता तो बदलला. रेलिक खोटं बोलते ही तिची मुख्य अडचण नाही, कारण खरा डागही फारसं खरं बोलत नाही. अडचण ही की ती परिणामाची नक्कल करते आणि निर्णय गाळून टाकते. गिटारच्या अंगावर खरंच वाचण्यासारखं काही असेल तर ते निर्णय.

१९६७ सालच्या जॉर्ज हॅरिसनचं घ्या. त्याच्याकडे फिकट निळ्या रंगाची, १९६१ची स्ट्रॅटोकास्टर होती. त्याने ती घरीच, स्वतःच्या हाताने, भडक चमकत्या रंगांनी रंगवली. डोक्याकडच्या भागासाठी बायकोचं, पॅटी बॉइडचं चकाकतं नेलपॉलिश वापरलं. जवळून घेतलेले फोटो पाहा: ब्रशचे फटकारे दिसतात, थर जाडजूड बसलाय. कुठल्याही पॉलिशवाल्याने हे काम परत केलं असतं. त्याच वर्षी २५ जूनला जगभर दाखवलेल्या उपग्रह कार्यक्रमात त्याच्या गळ्यात हीच गिटार होती. पुढे तिचं नाव 'रॉकी' पडलं.

वर्षभरात त्याची दिशा पूर्ण उलटी झाली. १९६८ साली हॅरिसन आणि लेनन या दोघांनी आपापल्या एपिफोन कसिनो गिटारचा रंग काढून टाकला. असं सांगतात की ऋषिकेशला त्यांच्यासोबत असलेल्या डॉनोव्हन या गायकाने हे डोक्यात भरवलं: रंग काढला की लाकूड मोकळं होतं आणि आवाज सुधारतो. हॅरिसन पुढेही म्हणायचा की त्या गिटार आधीपेक्षा चांगल्या झाल्या. मला यात तथ्य फार दिसत नाही. इलेक्ट्रिक गिटारमध्ये पिकअपचं चुंबक ताऱ्यांची नाही, तारांची थरथर ऐकतं (क्षमस्व, ऋषिकेशचा परिणाम). कसिनो आतून पोकळ असते, त्यामुळे तिच्या बाबतीत थोडा फरक पडतही असेल. माझ्यासारख्या भरीव लाकडाच्या गिटारला तर रंग म्हणजे अंगावरचा शर्ट. पण 'गेट बॅक' माहितीपटात ३० जानेवारी १९६९च्या गच्चीवरच्या मैफलीत लेननच्या हातातली ती उघडी, फिकी कसिनो पाहा. त्या काळातल्या झगमगाटाला कंटाळलेला माणूस त्या लाकडात दिसतो. तो डाग नाही, ते मत आहे.

आणि एडी व्हॅन हेलनची 'फ्रँकेनस्टाइन'. कारखान्यातून बाजूला काढलेली बॉडी त्याने ५० डॉलरला आणली, नेक ८० डॉलरची. आधी काळा रंग मारला, वर पट्ट्या चिकटवल्या, त्यावर पांढरा मारला, पट्ट्या ओढून काढल्या. १९७८ साली पहिला अल्बम आल्यावर लोक आणि कंपन्या त्या पट्ट्यांची नक्कल करायला लागले. मग १९७९ साली त्याने पुन्हा पट्ट्या चिकटवल्या आणि सायकलचा लाल रंग वरून मारला. चाल काय, तर नक्कल करणाऱ्यांच्या पुढे एक घर राहायचं. ट्रेमोलो पुलाखाली टेकू म्हणून त्याने १९७१ सालचं पाव डॉलरचं नाणं स्क्रूने बसवलं होतं, कारण हाताशी तेच होतं.

२००७ साली फेंडरने या गिटारच्या ३०० प्रती काढल्या. किंमत प्रत्येकी २५ हजार डॉलर. सिगारेटने जळालेल्या खुणा हुबेहूब, आणि नाणंसुद्धा १९७१चंच. कारागिरी म्हणून ती प्रत थक्क करणारी आहे, यात वाद नाही. पण एडीच्या वागण्याची नक्कल करायची असती तर जे नाणं खिशात सापडलं असतं ते लावायला हवं होतं. १९७१चं नाणं शोधत फिरणं हे एडीने केलंच नसतं. १३० डॉलरच्या जुगाडाची श्रद्धेने केलेली ही प्रत मला एखाद्या बंडखोर कवीच्या संगमरवरी पुतळ्यासारखी वाटते.

(रॉकीचीही प्रत २०२० साली निघाली. हॅरिसनचे फटकारे कारागिरांनी एकेक करून गिरवले.)

इकडे माझ्या बाल्कनीत बेत बदलत चालला होता. आता मला लेननसारखं नुसतं लाकूड ठेवायचं होतं. सगळा काळा थर निघाला तेव्हा खाली काय होतं, तर वेगवेगळ्या छटांचे चार तुकडे चिकटवून केलेली बॉडी, एका सांध्यात भरलेली लांबी आणि नेकच्या खाचेत पेन्सिलने लिहिलेला १४ हा आकडा. स्वस्त गिटार गडद रंगातच का येतात याचं उत्तर समोर होतं. लेननला लाकूड दाखवणं परवडलं, कारण दाखवण्यासारखं लाकूड होतं. उघडेपणासुद्धा महागच असतो. तो १४ कुणी लिहिला असेल, याचा मात्र मी बराच विचार केला. त्या गिटारवरची एकमेव सही म्हणावी तर तीच. रंग देताना ती खाच मी टेप लावून झाकली.

रंग आणायला भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटजवळच्या एका दुकानात गेलो. मला 'नायट्रोसेल्युलोज लॅकर' हवं होतं आणि ते कसं मागायचं याची मी रस्ताभर तयारी केली होती. दुकानदार ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "साहेब, डुको पाहिजे म्हणा की."

डुको हा शब्द आपण सुताराच्या तोंडून शंभरदा ऐकलेला असतो. किचनच्या ट्रॉल्या डुको करायच्या का, दाराला डुको मारू का. तो मुळात एक ब्रँड आहे: ड्युपाँट या अमेरिकन कंपनीने १९२०च्या दशकात मोटारींसाठी काढलेला नायट्रोसेल्युलोजचा रंग. आधी गाडी रंगवून वाळवायला आठवडे लागायचे, ड्युकोने ते काम झटपट झालं. आणि फेंडरचे प्रसिद्ध 'कस्टम कलर' आले ते याच ड्युपाँटच्या मोटारींच्या रंगांतून, काही ड्युको, काही ल्युसाइट. फिएस्टा रेड हा १९५६च्या फोर्ड थंडरबर्डचा रंग. लेक प्लॅसिड ब्लू हा कॅडिलॅकचा. ज्या रंगाला गिटारप्रेमी पवित्र मानतात, त्याच्या नावाने भवानी पेठेत कपाटं रंगतात. आणखी मागे गेलं तर 'लॅकर' हा शब्दच आपल्या लाखेपासून, संस्कृत लाक्षेपासून निघून फारसी, अरबी, पोर्तुगीज करत इंग्रजीत पोचलेला. दुकानदाराला मी हे सांगितलं नाही. त्याच्यामागे तीन गिऱ्हाइकं उभी होती.

काम मात्र मी चुकीच्या महिन्यात काढलं. जुलैत पुण्याची हवा ओली, नायट्रोमधला थिनर भराभर उडतो, त्याने पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतलं बाष्प रंगात अडकतं. दुसऱ्या दिवशी लाल गिटारवर दुधाळ झाक आली होती. ते सगळं पुन्हा घासलं. ऑक्टोबरमध्ये पाऊस थांबल्यावर परत सुरुवात: सँडिंग सीलरचे तीन हात, मध्ये ३२० नंबर, मग प्रायमर, मग रंग. खालच्या शिंगाजवळ एक ओघळ आला. स्प्रे जवळ नेऊन क्षणभर थांबलो, एवढंच निमित्त. तो काढायचा तर पुन्हा प्रायमरपर्यंत जावं लागलं असतं. ठेवला. खोटे डाग पाडायचा विचार तोपर्यंत गळून गेला होता. तत्त्वापेक्षा कंटाळ्याने जास्त, हे कबूल करतो.

मधल्या काळात एकदा कामासाठी सांगलीला गेलो होतो, तेव्हा मिरजेला सतारमेकरांच्या गल्लीत डोकावलो. एका दुकानात कुणाचातरी जुना तानपुरा आला होता, घरातल्या आधीच्या पिढीचा असावा. जवारी काढून हवी होती आणि पॉलिशही करून. भोपळ्यावर एका बाजूला रंग उतरला होता, मांडीला टेकून टेकून असेल. मी विचारलं, ही जुनी खूण तशीच ठेवायची का? कारागीर चाचा माझ्याकडे बघतच राहिले. "का? वाद्य आहे ना ते," म्हणाले, आणि परत कामाला लागले. त्या भोपळ्याला रेलिकची किंमत द्यायला त्या गल्लीत कुणी तयार नव्हतं. जवारीबद्दल मात्र मालकाने पानभर सूचना लिहून पाठवल्या होत्या.

दिवाळीला दादा पुण्याला आला. गिटार उलटसुलट करून बघितली. ओघळ त्याला लगेच दिसला. "हे काय?" म्हणाला, पण पुढे काही बोलला नाही. जेवणं झाल्यावर वहिनी आणि पोरगा झोपले. मग तो हॉलमध्ये ॲम्प न लावता वाजवत बसला. बोटं अडखळत होती, सूर लागत होते. दीडपर्यंत तरी बसला असेल. मी आत लॅपटॉपवर होतो.

नायट्रो पूर्ण कडक व्हायला महिनाभर तरी द्यावा लागतो, आणि मी थर जाड दिले होते. जेमतेम तीन आठवडे झाले होते. सकाळी गिटार उचलली तर हाताखालच्या जागी त्याच्या कुर्त्याच्या बाहीची अख्खी वीण उमटलेली, धागा न् धागा.

दादा चहा घेऊन मागे येऊन उभा राहिला. "च्यायला. निघेल ना रे हे घासून?"

"निघेल की," मी म्हटलं. "दोन हजार नंबरने निघेल."